साचे थांबतात तेव्हा

मालेगावात आठवड्याचे सहा दिवस एक आवाज सतत कानावर असतो. खटखट, खटखट, खटखट. मोसम नदीच्या पूर्वेकडच्या वस्त्यांमध्ये तो पत्र्याच्या शेडांतून येतो, घरांच्या तळमजल्यांवरून येतो, अरुंद बोळांच्या दोन्ही अंगांनी येतो. वीज गेली तर तेवढ्यापुरता थांबतो, आली की पुन्हा सुरू. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला पहिल्या रात्री त्या आवाजाने झोप लागत नाही. गावच्या माणसाचे उलटे आहे. शुक्रवारी सकाळी त्याला जाग येते ती आवाज नसल्यामुळे.

शुक्रवारी साचे बंद असतात. यंत्रमागाला इथे साचा म्हणतात आणि तो चालवणाऱ्याला साचेवाला. कापडाच्या या गावात शुक्रवार हाच रविवार. गल्लीच्या तोंडाशी पोरांचे क्रिकेट सुरू होते, न्हाव्याच्या दुकानापुढे रांग लागते, धुतलेले पांढरे कपडे दोरीवर वाळत असतात. चहाच्या हॉटेलात एरवी पाच मिनिटे उभ्याने चहा घेणारा माणूस त्या दिवशी बाकड्यावर टेकून तासभर बसतो.

रमजानात हॉटेलांची गजबज संध्याकाळनंतर. पण शुक्रवारचे मोल या महिन्यात आणखी वाढते. बारा-बारा तास यंत्रासमोर उभा राहणारा माणूस आपल्या हातात आलेल्या थोड्याशा मोकळ्या वेळाचे काय करतो? त्या वेळातून त्याला पुन्हा उभे राहण्याचे बळ कसे मिळते? या प्रश्नांचा अभ्यास आता मानसशास्त्रज्ञही करतात. मालेगावच्या साचेवाल्याने मात्र त्याचे उत्तर आपल्या परीने कधीच शोधले होते.

बारा तासांचा हिशेब

एखाद्या साचेवाल्याचा आठवडा डोळ्यांसमोर आणून पाहावा. पाळी बारा तासांची. एका माणसाकडे चार, सहा, कधी आठ साचे. तो बसत नाही; एका साच्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची, तार तुटली की जोडायची, कापडात दोष आला की साचा थांबवायचा. हवेत सुताचे बारीक तंतू तरंगत असतात, ते केसांत, भुवयांवर आणि फुप्फुसात जाऊन बसतात. शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याशी ओरडून बोलावे लागते, म्हणून बरेचसे बोलणे हातवाऱ्यांनी होते. वर्षानुवर्षे हे काम केलेली माणसे घरीही मोठ्याने बोलतात. त्यात राग नसतो, ऐकू कमी येत असते.

मजुरी बहुतेक ठिकाणी कापडाच्या मापावर. जितके विणले तितके पैसे. सुट्टीचा पगार नाही, आजारपणाचा नाही. म्हणजे मोकळा वेळ इथे फुकट मिळत नाही. प्रत्येक तास त्याने आपल्याच खिशातून विकत घेतलेला असतो.

सहा दिवसांचे बारा-बारा तास धरले तर आठवड्याचे ७२ तास होतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एक संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१६ या एका वर्षात दीर्घ कामामुळे जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे दगावली, असा अंदाज त्यात मांडला होता.

अशा वेळी मंदी नसेल, मालाला उठाव असेल, तर सेठ म्हणतो, "शुक्रवारी चार तास चालवून दे, जास्तीचे देतो." घरात मुलीच्या लग्नाची तयारी असते, किराणावाल्याची उधारी असते. तरीही बहुतेक वेळा उत्तर तीनच शब्दांचे येते, "सेठ, जुम्मा है." या उत्तरावर सेठ फार ताणत नाही. त्यालाही त्याच मशिदीत, त्याच सफेत, खांद्याला खांदा लावून उभे राहायचे असते.

खंडोबाचा रविवार, विणकरांचा शुक्रवार

सुट्टी मिळवण्यासाठी देवाचा आधार घ्यावा लागणे, ही गोष्ट मालेगावपुरती नाही. भारतातल्या कामगारांना रविवार मिळाला त्यामागेही असाच एक धागा आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्यांत ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. सूर्य उगवला की काम सुरू, मावळला की बंद. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना एकत्र करून मागण्या मांडल्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार. या मागण्यांवर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. मालकांनी दाद दिली नाही. १८९० मध्ये मुंबईत मोठी सभा भरली. सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन स्त्री कामगारही त्या सभेत बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली.

रविवारच का, याचे कारण आजही सांगितले जाते. रविवार हा खंडोबाचा वार. घाटावरून आलेल्या कामगारांचे ते कुलदैवत. देवाच्या वाराला हात लावणे मालकालाही अवघड जाते, हे लोखंड्यांना ठाऊक होते. पण त्यांची मागणी पूजेपुरती नव्हती. सहा दिवस मालकासाठी राबणाऱ्याला सातवा दिवस स्वतःसाठी आणि समाजासाठी मिळाला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

शुक्रवारची गोष्ट तर आणखी लक्षात घेण्यासारखी आहे. इस्लाममध्ये शुक्रवार हा पूर्ण दिवसाच्या सुट्टीचा वार नाही. कुराणात 'जुमुआ' नावाची सूरा आहे. नमाजची हाक आली की खरेदी-विक्री सोडून यावे आणि नमाज आटोपली की पुन्हा जमिनीवर पांगून आपली रोजी शोधावी, असे तिच्यात सांगितले आहे. म्हणजे धर्माने मागितली ती दुपारची तास-दीड तासाची उसंत. तिच्या पुढचा-मागचा अख्खा दिवस विणकरांच्या रूढीने जोडून घेतला.

एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८५७ नंतर, उत्तरेतून विणकर कुटुंबे मोठ्या संख्येने मालेगावात येऊन स्थिरावली. हातमाग गेले, यंत्रमाग आले, घरातला माग शेडमध्ये गेला. शुक्रवारचा रिवाज टिकला. कायदा काय सांगत होता? १९४८ च्या कारखाने कायद्याने प्रौढ कामगारासाठी दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, एक दिवसाची सुट्टी सक्तीची केली. पण ठरावीक संख्येपेक्षा कमी माणसे असलेल्या जागेला ती चौकट लागू होत नव्हती, आणि यंत्रमागाची असंख्य शेड अशीच छोटी आहेत. कायद्याचा हात जिथे पोहोचत नाही तिथे गावाच्या रिवाजाने सुट्टी राखली आहे. आणि ती सगळ्यांची एकाच दिवशी आहे, हे फार महत्त्वाचे. एकट्याला मिळालेली सुट्टी माणूस झोपून काढतो. अख्ख्या गल्लीला मिळाली तर संघ बनतो, मैफल जमते, नाटक उभे राहते.

सायकलवरचा कॅमेरा

शुक्रवारच्या सुट्टीला मालेगावात आणखी एक जोड मिळाली. हिंदी सिनेमा देशभर शुक्रवारीच प्रदर्शित होतो. नमाज, घरचे गरम जेवण आणि मग नवा सिनेमा, हा अनेक पिढ्यांचा क्रम होता. या वेडाला वाईट वळणही लागले. आवडत्या नटाचा प्रवेश झाला की चित्रपटगृहाच्या आत फटाके फोडण्यापर्यंत काहींची मजल गेली, आणि त्यावर गावातूनच टीका झाली. पण त्याच वेडातून मालेगावच्या माणसांनी एक वेगळी वाट काढली. नुसता सिनेमा पाहून त्यांचे भागेना. त्यांनी सिनेमा काढायला घेतला.

नासिर शेख हे गावात व्हिडिओ पार्लर चालवायचे. २००० साली त्यांनी 'मालेगाव के शोले' हा चित्रपट काढला. खर्च काही हजारांचा, नट गावातले, हत्यार म्हणजे साधा व्हिडिओ कॅमेरा. फरोग जाफरींसारखे लेखक, अक्रम खानसारखे हरहुन्नरी सहकारी मिळत गेले. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' आला. कॅमेरा सरकवायला ट्रॉली नव्हती, म्हणून सायकल वापरली. क्रेन नव्हती, म्हणून बैलगाडी उभी करून तिच्यावर कॅमेरा चढवला. सुपरमॅन झालेला शफीक शेख हा एरवी साच्यावर काम करणारा, अंगाने किडकिडीत माणूस. निळ्या-लाल पोशाखात तो मालेगावावरून उडाला, तेव्हा त्याच्या बरोबरीने साच्यांसमोर उभी राहणारी सारी माणसे थोडीफार उडाली असणार.

फैजा अहमद खान यांनी या चित्रीकरणावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ मध्ये केला. तो देशोदेशीच्या महोत्सवांत गेला आणि २०१२ मध्ये चित्रपटगृहांत लागला. तोवर शफीक राहिला नव्हता. २०११ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने त्याचा अंत झाला. रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा चित्रपट याच मंडळींवर बेतलेला आहे, तो २०२५ च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला.

या गोष्टीतले कौतुक बाजूला ठेवून तिचे काम पाहावे. साच्यासमोर माणसाचे काही चालत नाही. कापड कोणते, गती किती, दर काय, हे दुसरे ठरवतात. चित्रीकरणाच्या जागी तोच माणूस म्हणतो, बैलगाडी इकडे लावा, सूर्य मावळायच्या आत एवढे होऊ द्या. तिथे त्याचा शब्द चालतो. आठवडाभर ज्याचे ऐकले जात नाही, त्याचे एक दिवस ऐकले जाते.

सिनेमा हा त्यातला एकच मार्ग झाला. मालेगावात उर्दूची वाचनालये आहेत, साप्ताहिके निघतात, मुशायरे भरतात. नावापुढे 'मालेगांवी' लावणारे शायर कित्येक झाले. डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय उर्दू पुस्तक मेळा इथे भरला, तेव्हा पुस्तके घ्यायला लोटलेल्या गर्दीत कष्टकरी घरांतली माणसे मोठ्या संख्येने होती. दिवसभर यंत्राचा एकच ठेका ऐकणाऱ्या कानाला रात्री शेराचे वजन तपासावेसे वाटते, यात नवल नाही.

गिरणगावाचा शहाणपणा

हाच शहाणपणा एकेकाळी लालबाग-परळच्या गिरणगावात नांदत होता. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे एका खोलीत पाळीपाळीने राहायची. एक झोपून उठला की दुसरा त्याच जागी आडवा व्हायचा. अशा जागेत मोकळा वेळ घालवायला जागाच नव्हती, म्हणून त्यांनी ती बाहेर तयार केली. तालीम, कबड्डीचा संघ, भजनी मंडळ, गणेशोत्सव, मोहरमचे ताबूत, नाटक. अण्णाभाऊ साठे, दत्ता गव्हाणकर आणि बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल ऊर्फ शाहीर अमर शेख यांचे लाल बावटा कलापथक १९४४ मध्ये उभे राहिले ते याच वातावरणात. समोर बसलेला श्रोता पाळी संपवून, हातपाय धुऊन आलेला कामगार असे.

१९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्यातून पुढे कामगार कल्याण मंडळ आले. त्याची केंद्रे, वाचनालये, कबड्डीचे सामने आणि विशेषतः कामगार नाट्यस्पर्धा यांनी राज्यभर कितीतरी नट-लेखक घडवले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे गिरण्या गेल्या, आणि पगाराबरोबर हा संध्याकाळचा संसारही गेला. भोंगा बंद झाल्यावर गिरणगावात जी पोकळी झाली ती नुसती पैशाची नव्हती.

फुरसत घडवण्याचे शास्त्र

मानसशास्त्रात अलीकडे या विषयावर बरेच काम झाले आहे. सबिने सोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या संशोधकांनी २००७ मध्ये कामानंतर माणूस पूर्ववत कसा होतो याची चार अंगे मांडली. पहिले, मनाने कामापासून सुटणे. दुसरे, शरीर-मन सैल सोडणे. तिसरे, काहीतरी नवे शिकणे, जमवणे. आणि चौथे, आपला वेळ आपल्या मर्जीने वापरणे. नुसते पडून राहिल्याने यातली एखाद-दुसरीच गरज भागते.

पारस्केवास पेत्रू आणि आर्नल्ड बाकर यांनी २०१६ च्या आपल्या अभ्यासात याच्या पुढची पायरी पाहिली. काही माणसे फुरसत आली तशी घालवत नाहीत. ती ध्येय ठरवतात, नवे शिकतात, माणसे जोडतात, फुरसत 'घडवतात'. कामाच्या जागी ताण जास्त आणि स्वतःच्या हातात काही नाही, अशा परिस्थितीत हे घडवणे कोण करू शकतो, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर साधारण असे निघाले की, घरी ज्यांना आपला वेळ ठरवायची मोकळीक असते ती माणसे कामाच्या ताणाला असे उत्तर देऊ शकतात.

बैलगाडीवर कॅमेरा चढवणारा साचेवाला, पाळी संपवून नाटकाची तालीम करणारा गिरणी कामगार आणि शुक्रवारी गल्लीच्या संघाचा कप्तान होणारा कांडीवाला पोरगा या चारही कसोट्यांना उतरतात. पण अभ्यासातली ती अट विसरता येत नाही: घरी मोकळीक हवी. आणि इथेच प्रश्न घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबतो.

तिचा शुक्रवार कुठे आहे?

यंत्रमागाच्या गावात सगळे काम शेडमध्ये होत नाही. कांड्या भरण्याचे काम अनेक घरांत बायका करतात. एका हाताने पाळणा हलवायचा आणि दुसऱ्या हाताने सूत सांभाळायचे. त्याची मजुरी थोडी, आणि त्याला पाळी नाही म्हणून सुट्टीही नाही. शुक्रवारी साचे थांबतात. चूल थांबत नाही. उलट त्या दिवशी घरात सगळे असतात, म्हणून जेवण जास्त, पांढरे कपडे जास्त, येणे-जाणे जास्त.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळपास पाच तास घालवत होत्या. घरकामात हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे. हा आकडा हिंदू घराचा की मुसलमान घराचा असा वेगळा विचारण्याची गरज नाही. तो आपणा सर्वांच्या घराचा आहे.

रमजानात तर हे आणखी ठळक दिसते. सहरीसाठी घरात सर्वांत आधी तीच उठते. रोजा तिचाही असतो, पण अस्रच्या नमाजनंतर बाकीचे घड्याळाकडे पाहत असतात तेव्हा ती कढईसमोर उभी असते. भजी, फळे, शरबत, शेजाऱ्यांकडे पाठवायच्या थाळ्या. अजान होते, सगळे खजूर तोंडात टाकतात, आणि तिची खजूर बरेचदा उभ्यानेच होते.

पैगंबर हजरत मुहम्मद घरच्या कामात हात लावत, आपले कपडे स्वतः शिवत, हे हजरत आयेशा यांनी सांगितलेले हदीसमध्ये नोंदले आहे. मशिदीतल्या प्रवचनात हे ऐकणारे बरेच असतात. ज्या घरांत मुलगे दस्तरखान मांडतात आणि भांडी विसळतात, तिथे आईला इफ्तारनंतर अर्धा तास मिळतो. तेवढ्यात ती शेजारणीशी बोलते, कुराणाचे पान उलटते, किंवा नुसती गच्चीवर जाऊन बसते. १८९० च्या सभेत दोन बायका उठून बोलल्या होत्या. त्यांच्या मागणीचा घरातला अर्धा भाग अजून बाकी आहे.

रात्र मोठी, झोप छोटी

रमजानमध्ये गावाचे घड्याळच बदलते. अनेक शेडमध्ये पाळ्यांच्या वेळा इफ्तार आणि तरावीह, म्हणजे रात्रीची जादा नमाज, यांच्या हिशेबाने मागेपुढे केल्या जातात. सेठ आणि कामगार बसून वेळ नव्याने कापतात. एरवी जे 'शक्यच नाही' म्हणून सांगितले जाते ते या महिन्यात शक्य होते. कामाचे तास माणसाच्या गरजेप्रमाणे हलवता येतात, याचा हा दरवर्षी मिळणारा पुरावा आहे.

पण या महिन्यात एक चूकही सर्रास होते. तरावीह झाल्यावर तरुण पोरे बाजारात फिरतात, चहाच्या हॉटेलात बसतात, मग मोबाइल हातात घेतात आणि एकदम सहरीलाच मान वर करतात. सकाळी हीच पोरे धोट्यासमोर उभी राहतात. डोळा लागला तर बोट जायला एक क्षण पुरतो. मोबाइलवर घालवलेला तास विश्रांतीसारखा वाटतो खरा, पण त्यात शरीर सैल पडत नाही, नवे काही शिकून होत नाही, आणि पुढचे चित्र कोणते यायचे तेही दुसराच ठरवतो. साच्यासमोर होते तेच झाले. घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्यावर ओरडण्यापेक्षा तरावीहनंतरचा अर्धा तास त्या पोरांबरोबर बसून घालवला आणि मग दिवा मालवला, तर अधिक उपयोग होईल.

गावाच्या हातातही काही आहे. वाचनालय कामगाराच्या सुट्टीच्या दिवशी आणि त्याच्या पाळीनंतर उघडे असले पाहिजे. मुलांना खेळायला मैदान राहिले पाहिजे. ते गेले की क्रिकेट रस्त्यावर येते आणि मग भांडण होते. कामगार कल्याणाच्या सोयी नोंदणीकृत कारखान्यातल्या कामगारापुरत्या न राहता छोट्या शेडमधल्या माणसापर्यंत आल्या पाहिजेत. आणि ज्याची सुट्टी शुक्रवारी त्याच्याकडे रविवारवाल्याने, ज्याची रविवारी त्याच्याकडे शुक्रवारवाल्याने आळस म्हणून पाहू नये. दोघांनीही ती झगडून मिळवली आहे, दोघांच्याही मागे राबलेले सहा दिवस आहेत.

शुक्रवारची संध्याकाळ होते. इफ्तारचा सायरन वाजतो, गल्ली क्षणभर अगदी शांत होते. मग भांड्यांचा आवाज, मुलांचा आवाज, मगरिबची जमात. रात्री चहाच्या हॉटेलात बाकड्यावर चौघे बसलेले असतात. एक जण नव्या चित्रपटाची गोष्ट सांगतो आहे, जी अजून कुणी लिहिलेली नाही. दुसरा म्हणतो, यात हिरोचे काम मला दे. तिसरा हसून त्याच्या पोटाकडे बोट दाखवतो. चौथा घड्याळ पाहतो आणि उठतो. सकाळी त्याची पाळी आहे. जाताना तो म्हणतो, पुढच्या जुम्म्याला बाकीची गोष्ट ऐकव.

शनिवारी सकाळी बटण दाबले जाते. खटखट, खटखट, खटखट.